डब्याचा खालचा कप्पा

"घरात कुत्रा आहे?" छोट्या डॉक्टरांनी कागदावरची नजर न उचलता विचारलं.

"नाही," शिक्केवाले म्हणाले.

"पूर्वी कधी होता?"

"नाही."

"मेंढ्या, शेळ्या? त्यांच्याशी काही संबंध?"

"छे हो. दोन खोल्यांत आम्ही दोघं. मेंढ्या कुठं बांधणार?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी तीन चौकटींत तीन फुल्या मारल्या. "तुमची नोकरी?"

"सरकारी. शिक्का मारायचं काम."

डॉक्टरांनी त्यांच्या जांभळ्या नखांकडे पाहिलं. "पोस्टात का?"

शिक्केवाल्यांनी मान अशी हलवली, की हो समजावं तर हो, नाही समजावं तर नाही.

त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. अर्धवट खरं बोलायची मात्र जुनी सवय होती. कत्तलखान्यात काम करतो म्हटलं की समोरचा माणूस खुर्ची जराशी मागे घेतो, हे त्यांनी विशीतच पाहून ठेवलं होतं. त्यामुळे लग्न ठरताना सासऱ्यांनाही त्यांनी एवढंच सांगितलं होतं : सरकारी नोकरी, शिक्क्याचं काम. सासरे बिचारे जातील तिथे सांगत सुटले, की जावयाच्या शिक्क्याशिवाय तिथलं काही हलत नाही. आणि ते खरंच होतं. त्यांच्या शिक्क्याशिवाय एकही मेंढी कत्तलखान्याच्या दाराबाहेर पडत नसे.

पण कुत्र्याचं 'नाही' हे अर्धवट खरं नव्हतं. ते पुरतं खोटं होतं, आणि ते तोंडातून कसं निघालं हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"मग उत्तम," डॉक्टर म्हणाले. "कुत्र्यामेंढ्यांकडून येणारी एक गाठ असते, तिची मला शंका होती. रक्तातही तसं काही सापडलं नाही. म्हणजे ही साधी पाण्याची गाठ दिसतेय, हृदयाच्या बाहेरच्या अंगाला. लिंबाएवढी आहे. उद्या अकरा वाजता छातीतून बारीक सुई घालू आणि पाणी काढून घेऊ. ऑपरेशनचं नावच नको. दोन दिवसांत वहिनी घरी."

"सुई?"

"अगदी बारीक असते. दुखत नाही."

शिक्केवाल्यांच्या तळहातांना घाम फुटला. डॉक्टरांना वाटलं, गृहस्थ सुईला घाबरतात. त्यांनी उठून त्यांच्या पाठीवर थोपटलं.

कत्तलखान्यात शिक्केवाल्यांचं काम असं, की आकड्याला टांगलेली मेंढी पुढे आली की तिची कलेजी, फुप्फुसं आणि हृदय हातात घ्यायचं, बोटांनी चाचपायचं, सुरीने चिरून पाहायचं. निरोगी असेल तर जांभळा शिक्का. रोगट असेल तर लोखंडी पिंपात, आणि तिथून भट्टीत. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. कलेजीत पाण्याची गाठ असली तर ती दिसायच्या आधी त्यांच्या अंगठ्याला कळायची. फुगलेली, गुळगुळीत, पांढरट. सुरीचं टोक लागलं की पाण्याची चिळकांडी उडायची. नवी माणसं तिथे दचकायची. शिक्केवाले शांतपणे बाजूला सरकायचे आणि ओटा उकळत्या पाण्याने धुऊन घ्यायचे.

नियम असा होता की एका टोकाला गाठ असली तरी अख्खी कलेजी भट्टीत. हे मात्र शिक्केवाल्यांच्या जिवावर यायचं. इतकं चांगलं अन्न जाळायचं म्हणजे काय! बरं, त्यातला एक तुकडाही त्यांनी कधी माणसाच्या पोटात जाऊ दिला नाही. त्या बाबतीत ते सोन्यासारखे चोख होते. पण घरी साहेब होता.

साहेब म्हणजे कुत्रा. कत्तलखान्याच्या दारावर एक लंगडी कुत्री असायची. तिची पिल्लं गाडीखाली गेली, एक उरलं. ते शिक्केवाल्यांनी पिशवीत घालून घरी आणलं, कारण मूल होण्याची आशा सोडून द्यावी असं त्याच आठवड्यात बायकोला कुणीतरी स्पष्ट सांगितलं होतं. पिल्लाने आल्या आल्या एकुलत्या एका खुर्चीवर ठाण मांडलं. "आले बघा तुमचे साहेब," बायको म्हणाली, आणि नाव पडलं. ती घरी शिवणकाम करायची. बारा वर्षं साहेब मशीनखाली तिच्या पावलांवर झोपला. ती मशीनचा पायटा हलवायला लागली की उठायचा, तिचे हात चाटायचा, तोंड चाटायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा.

तर त्या साहेबासाठी शिक्केवाले गाठीचं टोक कापून टाकायचे आणि उरलेली चांगली कलेजी डब्यातून घरी आणायचे. डबा तीन कप्प्यांचा. वरच्या दोनांत त्यांचं जेवण. खालचा जाताना रिकामा, येताना भरलेला. बायको काही विचारायची नाही. रोज सकाळी तो कप्पा घासून, पुसून, रिकामा लावून द्यायची.

कामाच्या खोलीत नियमांची पाटी होती. नववा नियम : 'नाकारलेले अवयव कुत्र्यांस घालू नयेत.' कारण लिहिलेलं नव्हतं. शिक्केवाल्यांनी ते स्वतःच ठरवून टाकलं : दारावर कुत्री जमतात, घाण होते, म्हणून असणार. आपलं कुत्रं काही दारावर नाही. शिवाय आपल्या सुरीने कापल्यावर गाठीचा अंश मागे राहतोच कसा? सुरीबद्दल त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

साहेब सात वर्षांचा असताना नवीन पशुवैद्य आले आणि त्यांनी भिंतीवर एक चित्र लावलं. मेंढीकडून बाण कुत्र्याकडे. कुत्र्याकडून गवताकडे, गवताकडून परत मेंढीकडे. आणि त्या गोल फेऱ्यातून फुटलेला एक बाण माणसाकडे. "गाठीतल्या पाण्यात वाळूसारखे कण असतात," पशुवैद्यांनी सांगितलं. "डोळ्यांना दिसत नाहीत. कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात त्यांचे जंत होतात. कुत्र्याला काही होत नाही. पण अंडी त्याच्या विष्ठेतून केसांवर येतात, जिभेवर येतात. तिथून माणसाच्या हातावर, हातावरून पोटात. आणि मग माणसात मेंढीसारखीच गाठ. बहुधा कलेजीत, फुप्फुसात. क्वचित हृदयात. वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही."

त्या दिवशी खालचा कप्पा रिकामाच घरी आला. दुसऱ्या दिवशीही. शिक्केवाल्यांनी साहेबाला जंताच्या गोळ्या घातल्या, औषधी साबणाने घासून काढलं, आणि बायकोला म्हणाले, "त्याला तोंडाशी घेऊ नकोस."

"तो मला चाटतो, तुम्हाला विचारत नाही, म्हणून जळता होय?" ती हसली.

तेव्हा सांगायचं होतं. सांगितलं नाही. पाच वर्षांनी साहेब म्हातारपणाने गेला, तेव्हा शिक्केवाल्यांना रडता रडता हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाज वाटली. त्यालाही आता तीन वर्षं झाली होती. गेल्या काही महिन्यांत बायको पायटा मारता मारता मधेच थांबायला लागली. "मशीनला तेल हवंय," म्हणायची. तेल घातलं. मग एक दिवस ती जिन्यात बसली ती उठेचना.

संध्याकाळी ते वॉर्डात गेले तेव्हा ती उशीला टेकून शेजारच्या खाटेवरच्या बाईला बाही कशी बेतायची ते सांगत होती.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"उद्या सुई घालणारेत. पाणी काढायला."

"एवढंच ना? जन्मभर मी कापडाला सुया टोचल्या, एकदा मला टोचली तर काय बिघडलं?" तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचं तोंड का असं? जेवलात का?"

"जेवलो."

"खोटं बोलता येत नाही तर बोलू नये माणसाने." तिने पांघरूण सारखं केलं. "एका अर्थी बरं झालं, साहेब आधी गेला. मी इथं आणि तो दारात बसून राहिला असता. अन्नाला शिवला नसता."

शिक्केवाल्यांनी सगळं सांगायला तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं.

ती रात्र कशी गेली हे सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी मनाची समजूत घालून पाहिली : डॉक्टर शिकलेले आहेत, साधी गाठ म्हणतात तर साधीच असेल, उगाच आपण हात दाखवून अवलक्षण कशाला करा? मन ऐकायला तयारही झालं असतं. पण अंगठा ऐकेना. सुरीचं टोक लागल्यावर उडणारी चिळकांडी त्याने हजारदा अनुभवली होती. आणि उद्या अकरा वाजता ते टोक तिच्या छातीत जाणार होतं.

सकाळी आठ वाजता हृदयविभागाच्या मोठ्या डॉक्टरबाई जिना चढून आल्या तेव्हा एक म्हातारपणाकडे झुकलेला माणूस त्यांच्या वाटेत उभा होता.

"बाई, सुई लावू नका."

"कुणाला?"

त्यांनी खाटेचा नंबर सांगितला. मग एका दमात बाकीचं सांगितलं. कुत्रा होता. बारा वर्षं होता. मी पोस्टात नाही, कत्तलखान्यात आहे. ती गाठ मी ओळखतो. काल मी खोटं बोललो.

बाई रागावतील असं त्यांना वाटलं होतं, आणि ते त्यांना हवंही होतं. बाईंनी फक्त छोट्या डॉक्टरांना हाक मारली आणि पडद्यावर तपासणीचं चित्र लावायला सांगितलं. "दाखवा," त्या म्हणाल्या.

शिक्केवाल्यांनी पडद्याला बोट न लावता बोट धरलं. "ही कड बघा. दुपदरी आहे. आतला पदर इथं सुटलाय, पाण्यात लोंबतोय. मेंढीची गाठ जुनी झाली की अशीच दिसते कापल्यावर."

छोटे डॉक्टर पुढे वाकले. त्यांचा चेहरा उतरला. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. "अशा गाठीत रक्ततपासणी चुकू शकते," त्या म्हणाल्या.

"फुटली तर काय होतं, ठाऊक आहे?"

"मेंढीचं ठाऊक नाही. ती आधीच मेलेली असते."

"माणूस टेबलावरच दगावू शकतो. वाचलाच तर ते कण रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतात." बाईंनी पडदा बंद केला. "आधी गोळ्या देऊ. मग छाती उघडून, हृदय थांबवून ती काढावी लागेल. भोवती मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या रचायच्या, म्हणजे थेंब सांडला तरी कण मरतील. धोका आहेच. पण आजच्या सुईएवढा नाही."

"दाबू नका तेवढी," शिक्केवाले म्हणाले, आणि आपण कुणाला शिकवतोय हे लक्षात येऊन ओशाळले.

"नाही दाबणार," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "तुमचीही तपासणी करून घ्या. आणि आता मला तुमच्या बायकोला सगळं विचारावं लागेल, कुत्र्याचं."

"मी सांगतो. आधी मला सांगू द्या."

बायको केस विंचरून तयार बसली होती. ते खाटेच्या कडेला टेकले.

"आज सुई नाही. मोठं ऑपरेशन करावं लागेल, पण महिन्याभराने. काल डॉक्टरांनी विचारलं, घरात कुत्रा होता का. मी नाही म्हणालो."

तिला आधी ऑपरेशनचं कळलंच नाही. "म्हणजे? साहेब नव्हता म्हणालात?"

"हो."

"बारा वर्षं माझ्या पायांवर झोपला तो. आणि तुम्ही तो नव्हताच म्हणालात?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाठ, सुरी, नववा नियम, भिंतीवरचं चित्र. मान वर करून सांगणं जमलं नाही म्हणून स्वतःच्या नखांकडे बघत सांगितलं. बोलणं संपल्यावर शेजारच्या खाटेवरच्या बाईने उगाचच कूस बदलली.

"तो डबा मी घासायचे रोज," बायको म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, तुम्ही चांगला माल उचलून आणता. चोरून. कुणाला कळलं तर नोकरी जाईल म्हणून मी तो कप्पा दार लावून घासायचे. भीती वाटायची." तिचा आवाज खाली आला. "आणि बरंही वाटायचं. म्हणायचे, हा माणूस कधी रेषेबाहेर पाऊल टाकत नाही, पण माझ्या साहेबासाठी टाकतो."

शिक्केवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

"चित्र लावलं त्याला किती वर्षं झाली म्हणालात?"

"आठ."

"आठ वर्षं शंका होती तुम्हाला?"

"होती."

"मग मला एकदा तपासून आणायचं होतं," ती म्हणाली. "मेंढ्या तपासता की रोज."

एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. बाई आत येईपर्यंत ते तिच्या पाठीकडे बघत बसून राहिले.

ऑपरेशन सहा तास चाललं. बाई बाहेर आल्या आणि टोपी काढत म्हणाल्या, "निघाली पूर्ण. बाहेर एक थेंब सांडला नाही." शिक्केवाल्यांनी हात जोडले. त्यांच्या स्वतःच्या तपासणीचा कागद त्याच दिवशी आला. कलेजी साफ, फुप्फुसं साफ, हृदय साफ. खिशात घडी करून ठेवलेला तो कागद त्यांना शिक्षेच्या हुकुमासारखा वाटला.

कामावर हजर झाल्यावर त्यांनी पशुवैद्यांना आपण होऊन सांगितलं. पशुवैद्य बराच वेळ पेनशी खेळत राहिले. "लेखी घ्यावं लागेल," ते म्हणाले. लेखी घेतलं, ताकीद आली. मग शिक्केवाल्यांनी रंग आणि बारीक ब्रश आणला, आणि पाटीवरच्या नवव्या नियमाखाली आपल्या हाताने कारण लिहिलं. अक्षर वळणदार होतं. नवी माणसं आता तिथे थांबून वाचायची.

घरी बायको हळूहळू हिंडूफिरू लागली. छातीवरची शिवण बघून म्हणाली, "मी याहून सरळ घातली असती." भाजीवर बोलायची, शेजारणीवर बोलायची, गोळ्यांच्या कडूपणावर तर रोज बोलायची. त्या एका गोष्टीवर मात्र अवाक्षर नाही. साहेबाचं नाव तिने घेतलं नाही, आणि यांची घ्यायची छाती झाली नाही. डबा ती दोनच कप्प्यांचा लावून द्यायची. तिसरा वरच्या फळीवर पालथा पडून होता. दोन कप्प्यांवर दांडी सैल बसायची आणि वाटभर खुळखुळत राहायची. शिक्केवाल्यांनी ती घट्ट करून घेतली नाही.

दारावरची कुत्री बदलली होती, पण सवयी त्याच होत्या. त्यांतली एक साहेबाच्या आईसारखीच लंगडायची. शिक्केवाले पिंप भट्टीकडे ढकलत नेताना ती जाळीला नाक लावून बघत बसायची. ते मान फिरवून पुढे जायचे.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी डबा हातात घेतला तर जड लागला. खुळखुळलाही नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मशीनवर दोरा ओवत होती.

दुपारी जेवून झाल्यावर त्यांनी खालचा कप्पा उघडला. पाव होता. कुस्करून दुधात भिजवलेला.

ते उठून दाराशी गेले. जाळीखालून कप्पा पलीकडे सरकवला आणि चार पावलं मागे येऊन उभे राहिले. लंगडीने आधी कप्पा हुंगला, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग खायला लागली. शिक्केवाल्यांनी नळावर कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा एकदा धुतले.

संध्याकाळी त्यांनी डबा ओट्यावर ठेवला.

"खाल्लं का?" तिने विचारलं.

"खाल्लं. एक लंगडी आहे. साहेबाच्या आईसारखी."

साहेबाचं नाव घरात कित्येक महिन्यांनी निघालं होतं.

"सगळं खाल्लं?"

"सगळं."

"द्या इकडे, घासून टाकते." तिने हात पुढे केला. शिक्केवाल्यांनी डबा दिला नाही. बाही वर सारली, खालचा कप्पा सुटा करून उकळत्या पाण्यात बुडवला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच डबा घासायला बसले. ती खुर्चीवर छातीवर हात ठेवून बघत होती.

"कडेला नीट घासा," ती म्हणाली. "दिसत नाही, पण राहतं तिथं."

त्यांनी मान हलवली आणि तो कप्पा पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतला.